मैदानाचं डिपॉझिट

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, आता तर बोटंही आखडतात. कधी कुणी ही पानं वाचलीच तर माफ करावं. एखादा शब्द लागला नाही तर मोठ्यानं वाचून बघावा, कानाला कळेल.

आमच्या इथल्या, पिस्कॅटवे गावाच्या, फुटबॉल स्पर्धेचं आता कॉम्प्युटरवर एक पान झालं आहे. लेकीनं परवा ते मला वाचून दाखवलं. त्यात इतिहास म्हणून चार ओळी आहेत. निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांमध्ये मैत्री वाढावी म्हणून ही स्पर्धा सुरू झाली, असं त्यात म्हटलं आहे. वाईट लिहिलेलं नाही. मैत्री वाढलीच. पण सुरुवातीला तसं काही कुणाच्या मनात नव्हतं. पहिल्या वर्षी मी तिथं होते आणि जे झालं ते मला बरंचसं आठवतं. चारचौघांत सांगायला माझी जीभ उचलत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

मी कागलजवळच्या खेड्यातली. मालक गेल्यावर लेकीनं मला इकडं परदेशात आणलं, तेव्हा नात पाळण्यात होती. आमच्या अपार्टमेंटच्या कॉम्प्लेक्समध्ये मराठी घरं बरीच आहेत. पुण्याची, मुंबईची, नागपूरची, सगळीकडची. तिथल्या बायकांची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीनं ठरलेली रक्कम द्यायची आणि जिची पाळी तिनं सगळी उचलायची. या बायका शिकलेल्या, फोनवर पैसे पाठवणाऱ्या. तरी भिशी रोख, आणि ठेवायला माझ्याकडे. मी एकदा लेकीला विचारलं, माझ्याकडेच का? ती म्हणाली, "आई, तू कुणाचं कुणाला सांगत नाहीस ना, म्हणून." गप्प राहण्याचा माणसाला असाही मान मिळतो.

त्या वर्षी मेमधली पाळी एका नागपूरच्या मुलीची होती. ती फिजिओथेरपी शिकलेली, तिकडं दवाखान्यात नोकरीला होती. लग्न होऊन इकडं आली आणि नवऱ्याच्या व्हिसावर कितीतरी काळ घरात बसून राहिली. मग तिला कामाचा परवाना मिळाला, ती एका पाळणाघरात लागली आणि तिथल्या पगारातून भिशी भरू लागली. इथं तिचं खरं काम करायचं तर लायसनची परीक्षा द्यावी लागते. तिचे नागपूरच्या कॉलेजचे कागद मोठ्या खटपटीनं मंजूर होऊन आले होते, पण ती मंजुरी ठरावीक मुदतीची. मुदतीत फी भरली नाही तर सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून. तिची भिशी त्या फीसाठी होती. हे ती मला कॉम्प्लेक्सच्या लॉन्ड्रीत कपड्यांच्या घड्या घालताना सांगायची. मी ऐकायची.

तिचा नवरा कोल्हापूरचा. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉलचं वेड आहे. तालमींचे संघ असतात, मॅच असली की अर्धं गाव मैदानावर. हा पोरगा सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर होता, पण रविवार उजाडला की पार्किंगच्या मागच्या गवतावर चेंडू घेऊन हजर. हळूहळू तिथं कॉम्प्लेक्समधली इतर माणसंही येऊ लागली. बागांची आणि लॉनची कामं करणारी ग्वाटेमालाची पोरं, इजिप्तची दोन-चार घरं, घानाचे काही जण. त्यातून एक दिवस याच्या डोक्यात आलं की चार देशांच्या चार टीम करू आणि चांगल्या मैदानावर खेळू.

मैदान गावाच्या ऑफिसचं. अर्जावर स्पर्धेचं नाव लिहायचं होतं. यानं आमच्या भागाचं नाव लिहिलं, त्यापुढे "आंतरराष्ट्रीय" लिहिलं आणि त्यापुढे "चषक". चषक तेव्हा नव्हताच. भाडं सगळ्यांनी वाटून दिलं. डिपॉझिट मात्र मोठं होतं, मैदान होतं तसं परत केलं की परत मिळणारं. वडिलांच्या ऑपरेशनला पैसे पाठवून याचा हात रिकामा झालेला. तेव्हा तो बायकोला घेऊन माझ्याकडे आला.

"मावशी, एका आठवड्याचा प्रश्न आहे फक्त. शनिवार-रविवार मॅच, सोमवारी रिफंड."

ती म्हणाली, "रिफंड म्हणे! तुझ्या तोंडात रिफंड आला का मले भेवच वाटते."

"अगं, गवतावर खेळायचंय, गवत खायचं नाही. काय होणार आहे मैदानाला?"

"माह्या परीक्षेचे पैसे आहेत ते. लक्षात ठेव."

"माझ्या गळ्याशपथ."

"तुझा गळा घेऊन मी काय करू बाप्पा?"

असं म्हणून ती हसली आणि मला म्हणाली, "द्या मावशी." मी दिले. पाळी तिची, पैसे तिचे. मी मध्ये बोलणारी कोण.

शनिवारचे खेळ नीट झाले. रविवारी फायनल, आपली आणि ग्वाटेमालाची. ती सुरू व्हायच्या आधीच चेंडूवरून वाद झाला. त्यांना त्यांचा चेंडू हवा, आपल्या पोरांना आपला. तेव्हा कोल्हापूरच्या पोरानं सगळ्यांना गोळा करून एक गोष्ट सांगितली, इंग्रजीत. माझी नात शेजारी बसून मला मराठीत सांगत होती, अर्धी इंग्रजीतच.

जगाची फुटबॉलची सगळ्यात पहिली मोठी स्पर्धा उरुग्वे नावाच्या लांबच्या देशात झाली म्हणे. तेव्हा एवढ्या लांब विमानं जात नव्हती. युरोपातल्या बहुतेक देशांनी एवढ्या लांब यायला नकार दिला. त्या देशानं सगळ्यांचा येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च करू म्हटलं, तरी तिकडून थोडेच आले. बोटीवरच दोन आठवडे गेले. पोरं बोटीच्या डेकवर पळायची, नाहीतर अंग जड झालं असतं. आणि शेवटच्या सामन्यात हाच वाद, चेंडू कुणाचा. मग अर्धा खेळ एकाच्या चेंडूनं आणि अर्धा दुसऱ्याच्या चेंडूनं झाला.

सगळे हसले आणि आमच्याकडेही तसंच ठरलं. मला मात्र ती बोट डोळ्यांसमोरून जाईना. आता ज्या स्पर्धेसाठी जग वेडं होतं, तिच्या पहिल्या खेपेला लोकांना या या म्हणून बोलवावं लागलं होतं. आणि तो सगळ्यांचा खर्च, तो कुणीतरी कुठूनतरी काढलाच असेल. कुणाच्या तरी घरातलं काहीतरी त्या वर्षी लांबणीवर पडलं असेल. ते कुठं लिहिलेलं असणार?

खेळ संपताना दोन्हीकडे सारखे गोल होते. मग पेनल्टी. शेवटची त्यांच्या कॅप्टननं मारली आणि ती बाहेर गेली. आपण जिंकलो.

कोल्हापूरच्या पोरानं बॅगेतून गुलालाचा पुडा काढला. गणपतीतला उरलेला होता. हवेत गुलाल उडाला, पोरं लालगुलाबी झाली, मैदानाचा तो कोपराही. आमच्याकडे गावाला कबड्डीत असाच उडायचा, मला क्षणभर घरी असल्यासारखं वाटलं. त्यांचा कॅप्टन गोलपाशी मान खाली घालून बसला होता. आमच्याकडची रीत अशी, की जिंकलेल्यानं हरलेल्याला गुलाल लावायचा आणि मिठी मारायची. म्हणजे खेळातलं खेळात राहिलं. हा पोरगा मोठ्या मनानं पळत गेला आणि त्यानं त्या माणसाचे दोन्ही गाल माखले.

कॅप्टननं याला असं ढकललं की हा पाठीवर पडला. दोन्हीकडची माणसं धावली, आरडाओरडा झाला, इजिप्तवाले मध्ये पडले म्हणून हातघाईवर आलं नाही. ग्वाटेमालाची मंडळी जेवण न घेताच निघून गेली. मी आणि इतर बायकांनी केलेला पुलाव तसाच उरला.

वर आणखी एक झालं. मैदान साफ करून द्यायचं म्हणून आपल्या पोरांनी बादल्या भरभरून गुलालावर पाणी ओतलं. ते गवत खोटं, प्लॅस्टिकचं. कोरडा होता तोवर गुलाल वरवर होता, पाणी पडलं तसा तो खाली उतरला आणि डाग पसरत गेला. गोलपासून कोपऱ्यापर्यंत गुलाबी तळं.

सोमवारी रिफंडच्या ऐवजी गावाच्या ऑफिसचा फोन आला. मैदान बंद ठेवलं आहे, शुक्रवारी साफसफाईची कंपनी बोलावणार, तिचा खर्च डिपॉझिटमधून कापणार, आणि बहुतेक डिपॉझिटमधलं काही उरणार नाही. त्याआधी तुम्हीच पहिल्यासारखं करून दिलंत, तर गुरुवारी येऊन बघू.

संध्याकाळी दोघं माझ्याकडे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"गुलाल घेऊन आला होतास, ते मला सांगितलं होतंस का?"

"सवय आहे गं ती. जिंकलो की गुलाल."

"कोणासाठी जिंकलास? आता मी पाळणाघरात डायपर बदलू का आणखी दोन वर्षं?"

मी म्हटलं, लेकीला सांगून तुला तेवढे देते. ती म्हणाली, "नाही मावशी. यानं घेतले, यानंच आणून द्यायचे." लेकीकडे मागायला मलाही जड गेलं असतं, पण मागितले असते.

लॉनच्या कामाची यंत्रं आणि असलं गवत धुवायची माहिती सगळ्या कॉम्प्लेक्समध्ये एकाच माणसाकडे होती, आणि तो म्हणजे ग्वाटेमालाचा कॅप्टन. हे आम्हा तिघांनाही कळत होतं. शेवटी तीच म्हणाली, "जाऊन माफी माग."

"तो दार उघडणार नाही."

"मग मावशींना घेऊन जाऊ. त्याच्या आईची आणि यांची दोस्ती आहे."

दोस्ती म्हणजे काय, तर लॉन्ड्रीत आम्ही दोघी एकाच वेळी असायचो. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. मशीनमध्ये नाणं अडकलं की ती ठोसा मारून काढून द्यायची, आणि माझ्या साडीचं एक टोक धरून घडीला मदत करायची. एवढंच. पण नाही म्हणायचं कसं? मी चप्पल घातली.

निघताना तो पेढ्यांचा डबा उचलू लागला. बायको म्हणाली, "ठेव तो खाली. हरलेल्याच्या घरी जिंकल्याचे पेढे नेतोस? डोकं आहे का काही?"

मी उरलेल्या गुलालाचा पुडा मागून घेतला. का, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. नुसत्या बोलण्यावर माझा भरवसा नव्हता, हे खरं.

दार आईनंच उघडलं. मला बघून हसली, मागे त्याला बघून तिचं हसू गेलं. कॅप्टन आतून आला. त्याची सात-आठ वर्षांची मुलगी त्याच्या मागे उभी. कोल्हापूरचा पोरगा इंग्रजीत सॉरी सॉरी म्हणत राहिला. कॅप्टन शांतपणे जे जे बोलला ते नागपूरच्या मुलीनं मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "पेनल्टी चुकली याचं मला काही नाही. पण माझी मुलगी बघत होती, आणि तू माझं तोंड विदूषकासारखं रंगवलंस."

मी पुड्यात हात घातला, आधी माझ्या कपाळाला गुलाल लावला, मग त्या नागपूरच्या मुलीच्या, आणि मग पुडा त्या आईपुढे धरला आणि कोल्हापूरच्या पोराकडे बोट केलं. लाव, म्हणून.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मुलाकडे पाहिलं. मग तिनं पुड्यात चांगला अख्खा पंजा घातला आणि त्याला असं माखलं की बोलायची सोय नाही. कपाळ, गाल, कान, कॉलरच्या आतसुद्धा. तो डोळे मिटून उभा. कॅप्टनच्या मुलीला राहवेना, तीही आली आणि उड्या मारून त्याच्या हनुवटीला लावू लागली. तो तिच्यासाठी गुडघ्यावर बसला. बायको म्हणाली, "डोक्यालाही लावा त्याच्या, तिथंच काही नाही." हे मराठीत होतं, तरी ती आई खदखदून हसली.

कॅप्टन हसला नाही लगेच. तो म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे हे असं सगळ्यांनाच लावतात?"

"सगळ्यांना. हरलेल्याला आधी."

"आधी सांगायचं होतंस." मग म्हणाला, "मी मैदान बघितलं येताजाता. त्यावर पाणी कुणी टाकलं?"

यानं हात वर केला. कॅप्टननं कपाळाला हात लावला. तेवढं मात्र दोन्ही देशांत सारखंच आहे.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर त्यांची टीम यंत्रं आणि मोठे ब्रश घेऊन मैदानावर आली, आणि आपली पोरंही. आधी सुकलेलं सगळं ब्रशनं मोकळं करून ओढून काढायचं आणि मगच साबणाचं पाणी, असं ते करत होते. घानाचे आणि इजिप्तचेही काही आले. अंधार पडेपर्यंत काम चाललं. मी उरलेला पुलाव फेकून दुसरा करून नेला होता, तो या वेळी सगळ्यांनी खाल्ला.

गुरुवारी ऑफिसची बाई आली. गोलपाशी एका जागी अजून हलकी गुलाबी झाक होती. तिनं बुटाच्या टोकानं ती घासून पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, ठीक आहे. पूर्ण डिपॉझिट परत मिळेल.

आम्हाला वाटलं, सुटलो. बऱ्याच दिवसांनी टपालानं चेक आला, आणि तो त्या स्पर्धेच्या नावानं होता. अर्जावर या पोरानं हौसेनं लिहिलेलं ते लांबलचक आंतरराष्ट्रीय नाव. त्या नावाचं बँकेत खातं नव्हतं. तसली संस्थाच कुठं नव्हती. ऑफिसवाले म्हणाले, परवाना ज्या नावाचा, चेक त्याच नावाचा. बँक म्हणाली, आधी संस्था दाखवा. इकडं तिच्या परीक्षेची मुदत जवळ येत चाललेली.

"नाव तरी साधं लिहायचं ना," ती म्हणाली. "रविवारची पोरं, असं."

मग त्यांनी ठरवलं, संस्थाच काढायची. माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून फॉर्म भरला. तीन माणसांची नावं लागत होती. अध्यक्ष कोण, असा प्रश्न आला. ती म्हणाली, "ज्याची टीम हरली तो. जिंकलेल्यानं काय केलं ते आपण पाहिलं आहे." कॅप्टन अध्यक्ष झाला आणि नोंदणीची फीही त्यानंच भरली. घानाचा गोलकीपर सेक्रेटरी. पैशांचा हिशोब तिच्याकडे. कोल्हापूरच्या पोराला तिनं कुठंच घेतलं नाही, त्यानंही तक्रार केली नाही, सगळ्यांसाठी चहा केला.

फॉर्मवर एक रकाना होता, संस्था कशासाठी. चेक वटवण्यासाठी, असं तर लिहिता येत नाही. शेवटी तिनं विचार करून लिहिलं, निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांमध्ये मैत्री वाढावी म्हणून. कॅप्टननं वाचलं आणि म्हणाला, "चांगलं आहे. मग आता पुढच्या वर्षीही खेळावं लागेल." त्याआधी पुढच्या वर्षाचा विषय कुणी काढलेलाच नव्हता.

मी गॅसपाशी उभी राहून हे ऐकत होते. मला वाटतं, पुष्कळ गोष्टी अशाच सुरू होत असतील. आधी अडचण येते, मग ती निस्तरायला माणसं जमतात, आणि हेतू मागाहून लिहिला जातो. तो खोटा असतो असं नाही. लिहिल्यावर माणसं तसं वागायला लागतात.

नोंदणीचा कागद आला, खातं उघडलं, चेक भरला. बँकेनं पैसे मोकळे करायला आणखी काही दिवस घेतले. रोज संध्याकाळी ती कामावरून येताना माझ्या दारावर थांबायची, "नाही आले मावशी," म्हणून पुढे जायची. तिच्या मुदतीच्या आधल्या दिवशी दुपारी कोल्हापूरचा पोरगा ऑफिस अर्धं सोडून पाकीट घेऊन आला. त्यानं ते तिच्या हातात दिलं नाही. माझ्यापुढे ठेवलं. म्हणाला, "भिशीतनं घेतले होते, भिशीतच देतो. तुम्ही द्या तिला."

ती आल्यावर मी पाकीट तिच्या हातात दिलं. ती सोफ्याच्या कडेवर बसली, सगळ्या नोटा मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि म्हणाली, "पूर्ण आहेत, मावशी."